नाम जून पाइक यांच्या कलाकृतीतील टीव्ही बदलला, तर कलाकृती तीच राहते का?

कलाशिक्षक, अमळनेर:
नववीच्या वर्गात मी नाम जून पाइक यांच्याविषयी सांगत होतो (आडनाव ऐकून मुलांना आधी विठ्ठलाचा पाईकच आठवला). १९३२ साली सोलमध्ये जन्मलेले, कोरियन युद्धामुळे कुटुंबासह देश सोडून जपानला गेलेले, पुढे जर्मनीत अमेरिकी संगीतकार जॉन केज यांच्या संगीतविचाराने भारावलेले आणि १९६४ पासून न्यूयॉर्कमध्ये राहिलेले हे कलावंत टीव्ही संचालाच कलेचे माध्यम मानत. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ते टीव्ही बिघडले की काय करतात?" मला नीट उत्तर देता आले नाही. ट्यूबचे संच आता कोणी बनवत नाही. मग त्या जागी एलईडी लावला, तर ती कलाकृती पाइक यांचीच म्हणायची का?

टीव्ही दुरुस्ती, भुसावळ:
कलेतले मला कळत नाही, ट्यूबमधले कळते. पाइक यांनी १९६५ मध्ये कृष्णधवल संचावर मोठे चुंबक ठेवून 'मॅग्नेट टीव्ही' केला, असे वाचले आहे. पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत योकच्या (ट्यूबच्या मानेभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यांच्या) चुंबकीय क्षेत्राने वळून पडद्यावर रेघा काढतो. बाहेरून चुंबक आणले की त्या रेघा वाकतात आणि पडद्यावर आकृती उमटते. रंगीत संचाजवळ मोठा स्पीकर ठेवून कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग पाडून घेणारी गिऱ्हाइके आम्ही पुष्कळ पाहिली. दोष तोच, पाइक यांनी तो मुद्दाम केला. एलईडीत हा झोतच नसतो, त्यामुळे तिथे चुंबक ठेवून काहीही घडणार नाही.

वाचक, जळगाव:
भुसावळकरांचा मुद्दा निर्णायक आहे, परंतु तो सर्वच कलाकृतींना लागू पडत नाही. दक्षिण कोरियातील ग्वाचॉन येथील संग्रहालयात 'द मोअर द बेटर' हा १९८८ चा १००३ संचांचा मनोरा आहे. तो धोकादायक ठरल्याने २०१८ मध्ये बंद करण्यात आला आणि २०२२ मध्ये पुन्हा उजळला, तेव्हा ७३७ संच जुन्या ट्यूबचेच राखले गेले आणि वरच्या भागातील २६६ लहान संचांच्या जागी एलसीडी बसवले गेले. तिथे संच चित्रफीत दाखवतो, चित्र घडवत नाही. म्हणून ही तडजोड मला मान्य आहे. अजिंठ्याच्या चित्रांवर शंभर वर्षांपूर्वी संरक्षणासाठी दिलेला शेलॅकचा (लाखेच्या रोगणाचा) लेप पुढे पिवळसर पडला, हे आपल्याकडील मंडळींना सांगायला नको. त्या मानाने एलसीडी निदान परत काढता तरी येतो.

कलाशिक्षक, अमळनेर:
दोघांचेही आभार. म्हणजे संच चित्र घडवतो की नुसते दाखवतो, हे आधी पाहावे लागेल. भुसावळकर, आपल्याकडे चालू स्थितीतला एखादा कृष्णधवल संच उरला आहे का? मुलांसमोर चुंबकाचा प्रयोग करावा म्हणतो.

टीव्ही दुरुस्ती, भुसावळ:
चौदा इंची एक आहे. चुंबक कितीही फिरवा, पण मागचे झाकण मुलांना उघडू देऊ नका. बंद संचाच्या ट्यूबमध्येही काही हजार व्होल्टचा भार उरू शकतो.