मदत हवी आहे: हाफटोनच्या रेषांत लपवलेली खूण उघडी पडतेय

नमस्कार मंडळी. आमच्या नाट्यमंडळाच्या प्रवेशिकांच्या रंगीत झेरॉक्स निघतात, म्हणून पार्श्वचित्रात खूण लपवतोय. काळा रेषांचा हाफटोन स्क्रीन (जाड-बारीक रेषांनी छटा दाखवणारी जाळी), 100 एलपीआय (म्हणजे इंचात 100 रेषा), 45 अंश. अक्षरांच्या जागी रेषा अर्ध्या अंतराने सरकवल्या. तेवढ्याच अंतराच्या रेषांची पारदर्शक फिल्म वर ठेवली की ‘खरी’ हा शब्द उमटतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा अंगावर काटा आला! रिपने (छपाईसाठी फाइलचे ठिपके बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) पुन्हा स्क्रीन लावू नये म्हणून 2400 डीपीआयची (इंचात 2400 ठिपके) एक-बिट, म्हणजे फक्त काळी-पांढरी, टिफ फाइल दिली.

पण ऑफसेटवर छापल्यावर ‘ख’च्या कडेला, रेषा तुटतात तिथे, केसाएवढी काळपट किनार नुसत्या डोळ्यांनी दिसते. मधल्या करड्या भागात जास्तच. शाई पसरल्यामुळे असेल का? रेषा पाव अंतरानेच सरकवू, की कडेला हळूहळू वळवू? कागद मॅपलिथो (लेप नसलेला साधा छपाईचा) आहे. कुणी प्रत्यक्ष छापलं असेल तर कृपया सांगा.