दोन वर्षांच्या पोराला राणीच्या बागेत न्यावं का?

चिंचपोकळीकर

मत सरळ मांडतो, मग हवे तेवढे जोडे मारा. तीन वर्षांच्या आतलं मूल राणीच्या बागेत नेणं ही निव्वळ आईबापांची हौस. पोराच्या वाट्याला येतं ऊन, रांग आणि पुढच्या माणसाची पाठ.

हिशोब करून बघा. दोन वर्षांचं मूल साधारण 85 सेंटीमीटर उंच, म्हणजे डोळे जेमतेम 75 वर. बाबागाडीत बसवलं तर आणखी खाली. समोर कठडा, त्यावर रेलिंग, पलीकडे चर, चराच्या पलीकडे झुडूप आणि झुडपाच्या सावलीत आडवा झालेला वाघ. वाघ दिवसाचा बराच वेळ झोपतो, त्यात त्याची चूक नाही. आई बोट दाखवून "तो बघ, तो बघ" करते आणि पोरगं बोटाकडेच बघतं. दहा मिनिटांत त्याला पायाशी मुंगी सापडते. मुंगी बघायला भायखळ्यापर्यंत कशाला यायचं?

तिकिटाचं म्हणाल तर 2017 मध्ये पालिकेनं मोठ्यांचं तिकीट 5 रुपयांवरून 50 केलं, 3 वर्षांच्या आतल्यांना फुकटच ठेवलं. "फुकट आहे तर नेऊन आणू" हा विचार तिथूनच सुरू होतो. त्यापेक्षा आरे कॉलनीतल्या तबेल्यात न्या. म्हैस दोन हातांवर, शेपूट हलतेय, रवंथ चाललंय, शेणाचा वास येतोय. त्या वयाला जनावर कळतं ते असं.

बालवाडीची ताई

मुंगीबद्दल तुमचं बरोबर, निष्कर्ष मात्र उलटा काढलात.

दीड ते अडीच वर्षांत मूल चार पायांच्या सगळ्यांना "भूभू" म्हणतं. गाय भूभू, घोडा भूभू, रस्त्यावरची मांजरसुद्धा. ही डबी फोडून वेगवेगळ्या डब्या करायचं काम नेमकं याच वयात चालू असतं. चित्रातला हत्ती आणि चित्रातला उंदीर दोघेही तळहाताएवढे असतात. आकार म्हणजे काय ते पुस्तक सांगू शकत नाही.

"तो बघ" फसतं ते मोठ्यांच्या चुकीमुळे. उभं राहून लांबवर बोट केलं की मुलाला बोटाची रेघ पुढे नेता येत नाही. गुडघ्यावर बसा, गालाला गाल लावा आणि हात त्याच्या डोळ्यांच्या रेषेत, त्याच्या कानाजवळून पुढे काढा. आधी मोठी, स्थिर खूण सांगा: "झाड दिसलं? झाडाखाली बघ." मग हलणारा भाग सांगा: कान, शेपूट. नुसतं "वाघ" म्हटलं की ते पुस्तकातला आख्खा उभा वाघ शोधत राहतं आणि समोरचा झोपलेला त्याला दिसतच नाही.

आणि वाघापासून सुरुवात करूच नका. हिप्पोच्या तळ्यापाशी जा. पूर्ण वाढलेला हिप्पो पाण्याखाली तीन ते पाच मिनिटं राहतो, मग श्वासाला वर येतोच. आधी दोन कान फडफडतात, मग नाकपुड्या उघडून फुर्रकन पाणी उडतं, मग डोळे. आपल्या कुकूच-काचा हाच खेळ, फक्त टनाच्या वजनात. लोक दीड मिनिट थांबतात, "काही दिसत नाही" म्हणतात आणि पुढे जातात. घड्याळ लावून सहा मिनिटं थांबा. दुसऱ्यांदा बुडल्यावर मूल स्वतःच पाण्याकडे बोट करून वाट बघायला लागतं.

तीन प्राणी, दीड तास, मग घर. चौथा प्राणी हावरटपणा.

ठाणेकर

दोघांच्याही बोलण्यात गाडी राहिली. बाग दिवसभर कितीही चांगली असो, पोरगं तिथे कोणत्या अवस्थेत पोचतं त्यावर सगळं ठरतं.

बाग साडेनऊच्या सुमारास उघडते. त्या वेळेला पोचायचं तर ठाणे-कल्याणकडून येणाऱ्याला सीएसएमटीकडे जाणारी ऑफिसची गर्दी भोगावी लागते. कडेवर मूल, हातात पिशवी आणि भायखळ्याला उतरायचं म्हणजे कुर्ल्यापासून दाराकडे सरकायला लागायचं. बाबागाडी असेल तर विसराच. रविवार म्हणाल तर मेन लाइनवर बहुतेक रविवारी मेगाब्लॉक. सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवर जातात, काही स्टेशनं गाळतात. म्हणजे परतीच्या वेळेला, पोरगं पेंगुळलेलं असताना, तुम्ही इंडिकेटरकडे बघत उभे.

बरं, शनिवार-रविवारी आख्खी मुंबई तिथेच असते. बुधवारी बाग बंद. उरतात सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि नोकरीवाल्याला त्यात रजा टाकावी लागते. दीड तासाच्या भेटीसाठी एक सीएल. म्हणून माझं मत चिंचपोकळीकरांकडे झुकतं.

नाना

ठाणेकर, गर्दीच्या उलट्या बाजूनं विचार करा. सकाळी साडेदहानंतर निघा. गाडी सैल होते, पोरगं गाडीतच एक झोप काढतं, पावणेबाराला बागेत. दुपारी ऊन असतं हे खरं, पण बागेत झाडं इतकी दाट आहेत की चालण्याचा बराच रस्ता सावलीतला.

बालवाडीची ताई

नाना, नको हो. पावणेबाराला सगळे प्राणी सावलीला गेलेले असतात आणि काचेवर उजेडाची चमक येते. काचेत मुलाला स्वतःचंच तोंड दिसतं. काचेला कपाळ टेकवून दोन्ही हातांचा आडोसा केला तर दिसतं, पण हा उद्योग दोन वर्षांचं मूल करत नाही, तुम्हालाच त्याच्या डोळ्यांभोवती हात धरावे लागतात. शिवाय गाडीतली वीस मिनिटांची झोप ही सगळ्यात वाईट झोप. पुरी होत नाही आणि दुपारची खरी झोप मारते.

नाना

मान्य. मग टॅक्सी.

घार

इथं सगळे "कसं न्यायचं" यावर घसरलेत. "का न्यायचं" हा प्रश्न तसाच पडलाय.

पिंजऱ्यातलं जनावर ठरावीक वाटेनं येरझाऱ्या घालतं: त्याच कोपऱ्यात वळणार, तोच पाय पुढे टाकणार, जमिनीवर पायवाट पडलेली. अस्वल मान डावी-उजवीकडे झुलवत राहतं. मोठे म्हणतात, "बघ कसा चालतोय! बघ कसा नाचतोय!" ते नाचणं नव्हे, बंदिवासात जडलेली सवय आहे. मुलाच्या मनात वाघाची पहिली ओळख ही बसते. पुस्तकातल्या चित्रापेक्षा ही ओळख जास्त खोटी, कारण ती खरी वाटते.

आणि माणसांचं वागणं? काचेवर थापा, शिट्ट्या, चिप्स फेकणं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 38-जे कलमाखाली प्राणिसंग्रहालयात जनावराला डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं हे सगळं गुन्हा आहे. दोन वर्षांचं मूल नक्कल करून शिकतं. बागेत नक्कल कोणाची करणार? वाघाची नाही, शेजारच्या काकांची.

गोरखचिंच

घारताई (की दादा?), येरझाऱ्यांबद्दल अर्धं सांगितलंत. बहुतेक प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना संध्याकाळी आत घेऊन खायला देतात. त्याच्या आधीचा तास-दीड तास ते दाराजवळ फेऱ्या घालतात. ते खाण्याची वाट बघणं असतं. घरचं मांजर ओट्याभोवती घुटमळतं तसं. दुपारी चारला जाऊन तेवढ्यावर निकाल देऊ नये. सकाळीही तेच दिसलं, दुपारीही तेच, तर तुमचं म्हणणं खरं. म्हणूनच सकाळी जावं, आणि जनावर खरंच झुलत असेल तर "नाचतोय" न म्हणता मुलाला पुढे घेऊन जावं.

पेंग्विनचा विषय अजून कोणी काढला नाही याचं नवल वाटतं. हंबोल्ट पेंग्विन 2016 मध्ये आले, 2017 च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळाले. "बर्फातला पक्षी मुंबईत कशाला" हा आक्षेप तेव्हापासून चालू आहे. पण हा बर्फातला नव्हेच. पेरू आणि चिलीचा किनारा, मागे वाळवंट, समोर थंड प्रवाहाचं पाणी, तिथला हा. त्याला गारवा लागतो, बर्फ लागत नाही. पैसे तिथे खर्च करावेत का, हा वेगळा वाद.

लहान मुलाच्या दृष्टीनं एकच सांगतो. उभा पेंग्विन साधारण साठ-सत्तर सेंटीमीटर, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या खांद्याला. आख्ख्या बागेत मुलाच्या मापाचा आणि दोन पायांवर डुलत चालणारा हा एकच. काचेमागे पोहताना तो थेट मुलाच्या नाकासमोरून जातो. चिंचपोकळीकरांचा 75 सेंटीमीटरचा मुद्दा इथं लागू होत नाही.

फसतं ते रांगेत. घामानं भिजलेलं मूल बाहेरून एकदम थंड, अंधाऱ्या, गजबजलेल्या दालनात गेलं की घाबरून गळ्याला मिठी मारतं आणि काचेकडे बघतच नाही. आत जाण्याआधी मान-पाठ पुसा, भिजलेला सदरा बदला, दारापाशी मिनिटभर थांबून अंधाराला डोळे सरावू द्या. आणि पेंग्विन पहिल्यांदा उरका. बाग उघडल्या उघडल्या रांग छोटी असते.

चिंचपोकळीकर

पेंग्विनचं माप मान्य, तिथे मी हरलो. पण एका दालनासाठी एवढा प्रवास? तबेल्यावर कोणी बोललंच नाही.

गोरखचिंच

तबेल्यावर बोलू. म्हैस बाजूला लाथ मारते हे लक्षात ठेवून तिच्या तोंडाच्या बाजूनं उभं राहायचं, मागून नाही. धार पहाटे आणि दुपारनंतर काढतात; त्या वेळी बाहेरचं माणूस आलं तर म्हैस पान्हा चोरते, गवळी वैतागतो. आधी विचारून जा. "ताजं आहे" म्हणून कोणी कच्चं दूध पाजायला दिलं तर पाच वर्षांखालच्या मुलाला मुळीच नको. परतताना साबण आणि वाहतं पाणी. सॅनिटायझर शेणामातीच्या हातावर काम करत नाही. ते स्वच्छ दिसणाऱ्या हातासाठी. हाच नियम बागेतल्या रेलिंगला, कारण या वयाची मुलं रेलिंग चाटतात.

म्हणजे तबेला वाईट नाही. पण तो सोपा आहे असं समजून जाऊ नका.

आजीची पिशवी

थोडं पिशवीचं. बाबागाडी न्यायचीच तर हलकी, छत्रीसारखी मिटणारी. ती मूल बसवायला कमी आणि परतताना झोपलेलं मूल न्यायला जास्त लागते. प्राणी दाखवायला कडेवर किंवा कापडी झोळीत पुढे तोंड करून. एकट्या माणसानं 11-12 किलो कडेवर घेऊन दीड तास चालू नये, कंबर दुसऱ्या दिवशी बोलते. दोघांनी दर पंधरा मिनिटांनी बदलायचं.

पाणी साधं, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, अर्धी पुडी पेल्यात ढवळायची नाही, मीठ जास्त होतं. टेट्रापॅकातलं गोड पाणी म्हणजे ओआरएस नव्हे. खाऊ आत जायच्या आधीच भरवा, केळं नाहीतर दशमी. मुलाच्या हातात उघडा खाऊ दिला की कावळे टपलेलेच असतात, आणि घार (इथल्या नाही, आकाशातल्या) झडप घालते ती थेट बोटांवर. पूर्ण बाह्या आणि लांब पँट, डासांसाठी.

घार

आकाशातली घार बघायला मला हरकत नाही. ती निदान मोकळी आहे. तुम्ही सगळे पक्षी विहारात जाता ना, जिथे माणसं आत आणि पक्षी डोक्यावर? तेवढं मी सहन करते. तिथे निदान माणूसही पिंजऱ्यात असतो.

बालवाडीची ताई

घारताई, मग तुमच्यासाठी पिंजरा नसलेली फेरी सांगते, चिंचपोकळीकरांनाही चालेल. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला घारापुरीचा दगडी हत्ती आहे. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना पडून तुटला आणि इथे जोडून उभा केला. तिथेच काळा घोडा, फोर्टातून हलवलेला मूळचा. दोन्ही हलत नाहीत, झोपत नाहीत, येरझाऱ्या घालत नाहीत, मुलाला मनसोक्त बघता येतात. मग गोरखचिंचेचं झाड, ज्याचं खोड हत्तीच्या पायासारखं. मुलाला विचारा, "हत्तीचा पाय कुठाय?" ते झाडाला जाऊन मिठी मारतं. मिठीत खोडाचा एक कोपराही मावत नाही, आकार म्हणजे काय ते तिथे कळतं.

ठाणेकर

हे सगळं ठीक, पण माझा रजेचा प्रश्न तसाच आहे. सणाची सुट्टी बुधवारी आली तर? तेव्हाही बंदच ना?

नाना

नाही. सार्वजनिक सुट्टी बुधवारी आली तर बाग उघडी असते आणि दुसऱ्या दिवशी बंद. बऱ्याच लोकांना हे ठाऊक नसतं, बुधवार म्हणून ते येतच नाहीत. रविवारपेक्षा गर्दी कमी, आणि बुधवार म्हणजे मेगाब्लॉकही नाही. फक्त गुरुवारी कोणाला पाठवू नका.