कायमचं गाडीत राहायचंय, गाडी तयार करताना सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ:
नमस्कार. आम्ही दोघं नाशिकचे. मी ५८ वर्षांची, यंदा शाळेतून निवृत्त झाले. मिस्टर ६१चे, गेली नऊ वर्षं इन्सुलिनवर आहेत. मुलगी लग्न होऊन इंदूरला असते. फ्लॅट भाड्याने देऊन निदान दोन वर्षं गाडीतच राहायचं, असं आमचं पक्कं ठरलंय. चार दिवसांची सहल नाही, संसारच गाडीत.

एका कंपनीच्या कामगारांची ने-आण करणारी फोर्स ट्रॅव्हलर बघून ठेवली आहे, २०१८ची. इंजिन चांगलं आहे असं मेकॅनिक म्हणाला. सुताराने आराखडाही दिलाय: १८ एमएम मरीन प्लायची कपाटं, मागे पलंग, पलंगाखाली २०० लिटरची पाण्याची टाकी, वर एसी. दसऱ्याला ॲडव्हान्स द्या म्हणतोय. इकडे भाडेकरूला दिवाळीनंतर लगेच ताबा हवाय. सगळं एकदम अंगावर आल्यासारखं झालंय. आधी काय करावं, आणि या आराखड्यात काही चुकतंय का?

डेपोवाला:
ताई, सुताराला इतक्यात पैसे देऊ नका. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. गेली तीन वर्षं मी आणि सौ. अशाच ट्रॅव्हलरमध्ये राहतोय. म्हणून कळकळीने सांगतो, पहिलं काम सुताराचं नाही, वजनकाट्याचं आहे.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा. या दोन्हींच्या मधे जे उरतं, त्यात तुमचं घर बसवायचं. सीटा काढल्या की थोडी जागा मिळते, पण वाटते तेवढी नाही. तुमच्या आराखड्याचाच हिशोब करा. १८ एमएम प्लायची ८ बाय ४ची एक शीट ३५ किलोच्या आसपास भरते. दहा शीटा म्हणजे साडेतीनशे किलो. पाणी लिटरला किलो, म्हणजे टाकीचे २००. एसी, बॅटऱ्या, गाद्या, भांडी, सिलिंडर, तुम्ही दोघं आणि दोन वर्षांचे कपडे अजून धरलेच नाहीत.

आमच्या गाडीचं काम मी एकाला दिलं होतं. त्याने टाकी मागच्या ॲक्सलच्या पार मागे ठेवली, कारण तिथे जागा मोकळी होती. मीही तेव्हा बोललो नाही. कराडहून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाटाच्या अलीकडच्या चढावर स्टिअरिंग हलकं लागायला लागलं. मागचा भार पुढची चाकं उचलून धरतो, त्याचं ते लक्षण. मला कळत होतं, तरी चिपळूणपर्यंत तशीच नेली. परतताना कराडच्या अलीकडे मागून 'टण्‌' असा आवाज आला. खाली वाकून पाहिलं तर मागच्या स्प्रिंगचा, डाव्या बाजूचा दुसरा पाटा तुटलेला. तुटलेल्या तोंडावर बोट फिरवलं. निम्मा भाग गंजून काळपट झालेला, निम्मा नव्या रुपयासारखा चकचकीत. म्हणजे तडा जुनाच होता, कंपनीच्या बसच्या काळातला. आमच्या वजनाने फक्त उरलेला अर्धा तोडला. दुसऱ्या दिवशी एका साखर कारखान्याच्या काट्यावर गाडी चढवली. मर्यादेपेक्षा २८० किलो जास्त! आणि स्वयंपाकाचा ओटा, सिलिंडर, फ्रिज सगळं डावीकडे, त्यामुळे डावी बाजू जास्तच दबलेली.

म्हणून आधी रिकामी गाडी काट्यावर न्या. एकदा सगळी गाडी, एकदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. दोन्ही पावत्या जपून ठेवा. काम अर्धं झालं की परत न्या, आणि पाणी, डिझेल, सामान भरून शेवटी एकदा. काट्याचे पैसे किरकोळ असतात.

गाडी विकत घेण्याआधी स्प्रिंगचे पाटे, ते गाडीला जोडणाऱ्या शॅकल पिना आणि बुश, ब्रेक लायनर हे सगळं गाडी पिटावर, म्हणजे खाली उतरून बघायच्या खड्ड्यावर, घेऊन बघायला सांगा. कामगारांची गाडी रोज त्याच खड्ड्यांतून दोन पाळ्या धावलेली असते. इंजिन चांगलं असलं तरी खालचा भाग थकलेला असू शकतो. टायरवर 'डीओटी' या अक्षरांपुढे शेवटी चार आकडी अंक असतो, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी खोल दिसली तरी रबर जुनं असेल तर सहाही टायर बदला. त्यात काटकसर करू नका.

कपाटांना ॲल्युमिनियमचे सेक्शन वापरा, वर पातळ शीट. स्क्रूपेक्षा नटबोल्ट बरे आणि नट नायलॉकचेच, आत नायलॉनचं कडं असलेले. साधा नट आपल्या रस्त्यांवर महिन्यात सैल होतो. टाकी १२० लिटरची पुरे, दोन्ही ॲक्सलच्या मधे, आत आडपडदे असलेली. अर्धी भरलेली मोठी टाकी ब्रेक मारल्यावर पुढे धक्का देते, तो धक्का अंगाला कळतो.

आता कागद. गाडीत बदल करण्याआधी आरटीओची परवानगी लेखी घ्या, काम झाल्यावर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. अशा गाड्यांना 'मोटर कॅरव्हॅन' म्हणतात, त्यांचं वेगळं मानक आहे, एआयएस-१२४. ते माहीत असलेला बॉडीवाला शोधा. पिवळी, म्हणजे व्यावसायिक गाडीची नंबरप्लेट असेल तर परमिट आणि फिटनेसचा प्रश्न आधी सोडवून घ्या. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, नाहीतर अपघात झाला तर क्लेम अडकतो. आणखी एक, कायम फिरणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही: गाडी एका परराज्यात सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. आम्ही कुठल्याच राज्यात एवढं थांबत नाही, पण टोलच्या आणि पेट्रोलपंपाच्या पावत्या एका पाकिटात ठेवतो.

आता एसी. एक टनाचा एसी रात्रभर चालवायला पाच-सहा युनिट लागतात. १२ व्होल्टची २०० ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी पूर्ण भरली तरी अडीच युनिटच देते. टपावर ४०० वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला दीड युनिटच्या आसपास देतात, कोकणात पावसात तर फारच कमी. एसी सोडा. टपाला बाहेर हवा फेकणारा पंखा, आत कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा आणि पत्र्याच्या आतून फोमचं अस्तर. तेवढ्या पैशांत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज येतो, आणि तुमच्या घरी तो इन्सुलिनसाठी लागणारच. वायरिंग घरच्या इलेक्ट्रिशियनकडून करू नका. १२ व्होल्टला करंट जास्त वाहतो, तार जाड लागते. बॅटरीपासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज पाहिजेच.

आणि भाडेकरूला दिवाळीचा शब्द देऊ नका. गाडी तयार झाल्यावर सोसायटीच्या आवारातच पंधरा रात्री गाडीत झोपा, तिथेच शिजवा. फ्लॅटमध्ये पाऊल टाकायचं नाही. काय कमी पडतंय ते चौथ्या-पाचव्या दिवशीच कळतं. आमच्या पलंगाला उशाशी टेकायला काही नव्हतं. सौ.ला वाचायची सवय. तिसऱ्या रात्री तिची पाठ धरली आणि सगळा पलंग उलटा फिरवावा लागला.

रत्नागिरीची_परिचारिका:
दादांनी गाडीचं सांगितलं. मी इन्सुलिनचं आणि बायकांचं सांगते. मी ३० वर्षं वॉर्डात काम केलंय. आता मी आणि माझी बहीण वर्षातले आठ महिने गाडीत असतो.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं. गाडीच्या फ्रिजमध्ये मागची पट्टी सगळ्यात थंड असते. तिला टेकून इन्सुलिनचं पेन ठेवलं तर ते गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही, नंतर वितळलं तरी. डब्यात रुमालात गुंडाळून मधल्या कप्प्यात ठेवा. आत स्वस्तातला एक थर्मामीटर टाकून ठेवा, फ्रिजच्या आकड्यावर विसंबू नका. चालू असलेलं पेन बाहेर ठेवलं तरी चालतं, बहुतेक ब्रँडचं २८ दिवस, पण ३० अंशांच्या आत. डॅशबोर्डवर कधीच नाही! फ्रिज बंद पडला तर पाणी शिंपडलेल्या वाळूत मातीचं मडकं ठेवून त्यात इन्सुलिनची डबी ठेवा. खेडेगावांत अजूनही असंच ठेवतात, आणि ते चालतं. दोन महिन्यांचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी गाडीत हवीच.

संडासाबद्दल कोणी उघड बोलत नाही, पण गाडीतलं घर मोडतं ते त्यावरून. लघवी आणि मैला वेगळं करणारं कोरडं भांडं बसवा, मैल्यावर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, टाकायचं. वास येत नाही, पाणीही लागत नाही. पेट्रोलपंपाच्या भरवशावर राहिलात तर तुम्ही दुपारनंतर पाणीच पिणार नाही, आणि डायबिटीस असलेल्या माणसाला तर ते मुळीच परवडणारं नाही.

गॅससाठी ५ किलोचा सिलिंडर घ्या. पेट्रोलपंपावर ओळखपत्र दाखवून मिळतो, इंडियन ऑइलचा 'छोटू' माहीत असेल. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला, जमिनीलगत, बाहेर उघडणारं भोक पाडून घ्या. खिडकी उघडी आहे म्हणून सुरक्षित आहोत असं समजू नका. आयएसआयची नारिंगी सुरक्षा नळीच वापरा, तिच्यावर मुदत छापलेली असते.

गोदाकाठ:
तुम्हा दोघांचे खूप आभार. मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. सुताराला आज फोन करून थांबवलं. एकच विचारते: एसी नाही, तर एप्रिल-मे आणि पावसाळा कसा काढता?

डेपोवाला:
जागा बदलून, ताई. कायम गाडीत राहण्याचं सुख तेच आहे. मार्चअखेर उत्तरेला निघतो, दोन महिने हिमाचलात. तिथे वर थंडीपर्यंत थांबलात तर लिथियम बॅटरी शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करू नका, पेशी कायमच्या खराब होतात. जूनमध्ये खाली येतो, पण कोकणात जात नाही. जत, आटपाडी, माण या पट्ट्यात राहतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला भाग, ढग असले तरी मधून मधून ऊन असतं आणि पॅनेल चालतात. रान ओलं असेल तर गाडी डांबरावरच उभी करा. काळ्या मातीत ट्रॅव्हलर रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

आषाढीच्या वेळी वाट वाकडी करून एक दिवस पालखीमार्गावर जा आणि दिंड्यांचे ट्रक बघा. आळंदी ते पंढरपूर ती माणसं जवळपास तीन आठवडे ट्रकमध्ये संसार चालवतात. पिंपं दोरीने कशी आवळलेली असतात, रोज पहिल्यांदा लागणारी वस्तू सगळ्यात शेवटी कशी भरतात, हे मी तिथे उभं राहून शिकलो. आमच्या गाडीत चहाचं साहित्य दाराशी आहे ते तेव्हापासून. दिवसभराच्या प्रवासानंतर सौ.ला पहिला चहा लागतो, आणि त्यासाठी तिला तीन कपाटं उघडायला लागू नयेत.

गोदाकाठ:
तीन आठवड्यांनी कळवतेय. गाडी पिटावर घेतली. दोन शॅकल पिना झिजलेल्या निघाल्या आणि एक टायर २०१७चा! मालकाने दुरुस्तीचे पैसे किमतीतून कमी केले, मग व्यवहार झाला. परवा सीटा काढून ओझरजवळच्या काट्यावर नेली, आधी पूर्ण, मग मागची चाकं. दोन्ही पावत्या मिस्टरांनी फाइलीला लावल्यात. आरटीओचा अर्ज सोमवारी देतोय. भाडेकरूला संक्रांतीनंतरचं सांगितलं, तो थांबायला तयार आहे. सुतार बदलला. नवा मुलगा बसच्या बॉडीचं काम करतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "काकू, टाकी कुठे ठेवायची ते ठरलंय का?"