विशेष ग्रंथालयाचा पंचवार्षिक आराखडा: कपाटात ठेवायला अजून एक अहवाल?

गोदाकाठ
परवा ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप गटावर एका प्राध्यापक महोदयांची लांबलचक पोस्ट फिरत होती. प्रत्येक विशेष ग्रंथालयाने, म्हणजे एखाद्या कार्यालयाच्या, कारखान्याच्या किंवा संस्थेच्या स्वतःच्या ग्रंथालयाने, पाच वर्षांचा धोरणात्मक आराखडा केलाच पाहिजे. आधी व्हिजन-मिशन, मग स्वॉट (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके), मग बॅलन्स्ड स्कोअरकार्ड या कामगिरी मोजायच्या तक्त्याच्या चार चौकटी. वाचकसंख्या दरवर्षी वाढलीच पाहिजे. आणि तीन वर्षांत ज्या पुस्तकाला हात लागला नाही ते निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून कायमचं काढून, जागा मोकळी करायची. खाली अंगठ्यांची रांग. तिथे काही बोललं की ॲडमिन 'कृपया वाद नको' म्हणून हात जोडतात, म्हणून इथे लिहितेय.

मी मराठवाड्यातल्या एका तांत्रिक कार्यालयाच्या ग्रंथालयात आहे. आमच्याकडे दिवसभरात मोजकी माणसं आत येतात आणि त्यातली निम्मी पंख्याखाली बसायला येतात. खरं काम फोनवर चालतं. ऑक्टोबर लागला की जायकवाडीचा हिशेब सुरू होतो आणि फोन येतो: मेंढेगिरी समितीच्या अहवालातलं ते कोष्टक पाठवा, वरच्या धरणांत किती साठा असला की खाली किती सोडायचं ते. कुणाला १९८४ च्या दांडेकर समितीतले अनुशेषाचे आकडे हवे असतात, कुणाला सिंचनावरचा १९९९ चा चितळे आयोग, कुणाला प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीतलं मराठवाड्याचं प्रकरण. ही माणसं दारातून आत येतच नाहीत. आता वाचकसंख्येच्या रकान्यात काय लिहू?

बॅलन्स्ड स्कोअरकार्ड कॅप्लन आणि नॉर्टन यांनी १९९२ मध्ये कंपन्यांसाठी मांडलं. त्याची पहिलीच चौकट पैशाची. आमचं अनुदान मार्च संपता संपता येतं आणि ३१ तारखेच्या आत खर्चून टाका म्हणतात. नियतकालिकांची वर्गणी जानेवारी ते डिसेंबर, आमचं वर्ष एप्रिल ते मार्च. वर्गणी आगाऊ भरली की लेखापरीक्षक विचारतात, माल मिळण्याआधी पैसे कसे दिले? वर्षानुवर्षं तोच आक्षेपाचा परिच्छेद आणि तेच अनुपालन. ज्या ग्रंथालयाला मार्चमध्ये जूनचं माहीत नसतं, त्याने पाच वर्षांचं काय लिहायचं?

नियोजन नकोच, असं मी म्हणत नाही. पण ते ग्रंथालयातून सुरूच होत नाही. साहेबांच्या टेबलावर येत्या दोन वर्षांत कोणते निर्णय येणार आहेत, त्याची यादी आधी मागा. कुठला प्रकल्प, कुठला दावा, कुठली समिती. काय विकत घ्यायचं, काय स्कॅन करायचं, कुणाला काय शिकवायचं, सगळं त्या यादीतून निघतं. मिशन स्टेटमेंट त्यानंतर फ्रेम करून लावा हवं तर.

मापदंड
असहमत. ती पोस्ट मीही वाचली आणि अंगठा देणाऱ्यांत मी होतो.

ताई, तुमच्या साहेबांना तुमचं काम ठाऊक आहे म्हणून तुम्हाला मोजमापाच्या कोष्टकाची गरज वाटत नाही. साहेबांची बदली होऊ द्या, मग बघा. मी वाळूजच्या एका कारखान्याच्या ग्रंथालयात होतो. मानकं, पेटंटं, यंत्रांच्या पुस्तिका. नवीन प्लांट हेड आले आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, ही खोली मीटिंगसाठी बरी आहे. माझ्याकडे एकच गोष्ट होती: कुणी काय विचारलं, किती वेळात दिलं आणि त्याचं पुढे काय झालं, याची नोंद. एका जुन्या मानकाची सुधारित आवृत्ती वेळेवर दाखवल्यामुळे एक लॉट परत यायचा वाचला होता. ते एक पान दाखवलं आणि खोली राहिली. भावनेवर राहिली नसती.

रंगनाथनांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय, वाचकाचा वेळ वाचवा. मग तो वाचवलेला वेळ मोजा की! माणसं मोजू नका, प्रश्न मोजा. पण मोजायचंच नाही म्हणणं म्हणजे तपासणी नको म्हणणं.

दाखलनोंद
मापदंड साहेब, तुम्ही कारखान्यातले. तुमचं पुस्तक हरवलं तर कंपनी दुसरं घेते. आमच्या इकडं ग्रंथपालाच्या पगारातून कापतेत.

हे आराखडेवाले निर्लेखित करा, निर्लेखित करा म्हणायलेत. कुणी कधी निर्लेखनाची फाईल चालवली का? समिती बसवा, यादी करा, किंमत लावा, मंजुरीला वर पाठवा. वर ती फाईल तीन साहेब बदलेपर्यंत पडून राहते. तोवर पुस्तक फाटकं असो का वाळवीनं खाल्लेलं असो, दाखल नोंदवहीत ते जिवंत. म्या निवृत्त झालो तवा चार्ज देताना पडताळणी झाली. जी पुस्तकं निघाली नाहीत त्यातली बहुतेक बदली होऊन गेलेल्या साहेबांनी नेलेली. चिठ्ठ्या व्हत्या माझ्याकडं, त्यांच्या सहीच्या. तरी माझ्याकडं काही बाकी नाही असा ना-देय दाखला अडवला आणि वसुली माझ्यावर काढली. कुठलं कार्यालय ते सांगत नाही, अजून पेन्शनीचं काम पडतं तिथं.

केंद्राच्या जीएफआर २०१७ मध्ये, म्हंजे सामान्य वित्तीय नियमांत, नियम २१५ आहे. वर्षाला हजार देवघेवीमागं पाच पुस्तकं गहाळ झाली तर ती तूट वाजवी धरतेत. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असले तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, पन्नास हजारांपर्यंत तीन वर्षांतून एकदा, त्याच्या वर नमुना पडताळणी. म्या तो नियम छापून नेला. साहेब म्हणले, तो केंद्राचा, आपल्याला लागू नाही. आता तुमच्या स्वॉटमध्ये ह्याला काय म्हणायचं? धोका का संधी?

कोहावाला
काका, दंडवत. पण या सगळ्यावर उपाय एकच, कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर टाका. फुकट आहे, बारकोड लावा, कुणाकडे काय आहे ते एका क्लिकवर. जुने अहवाल स्कॅन करून डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरवर चढवा. आणि आता तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, १३ हजारांच्या आसपास जर्नल्स. विशेष ग्रंथालयांनी नियतकालिकांवर पैसा घालवायचं कारणच उरलं नाही.

गोदाकाठ
@कोहावाला, ती योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, ठीक. पण ती केंद्र आणि राज्यांच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. राज्य सरकारचं साधं तांत्रिक कार्यालय त्यात कुठे बसतं? शिवाय दांडेकर समितीचा अहवाल त्या १३ हजारांतल्या कुठल्या जर्नलात छापलाय? परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्यांना सेरा या कृषी संस्थांच्या ई-नियतकालिकांच्या योजनेतून जर्नल्स मिळत आली, चांगलंच आहे. पण विशेष ग्रंथालयाची खरी दौलत न छापलेल्या, नाहीतर शंभरच प्रती काढलेल्या कागदांत असते.

कोहा फुकट आहे म्हणता. सर्व्हर फुकट आहे? बॅकअप घेणारा माणूस? तो कंत्राटी मुलगा सोडून गेला की पासवर्डसुद्धा त्याच्याबरोबर जातो.

@दाखलनोंद, काका, तुमचं दुःख खरं आहे, पण धागा नियोजनाचा आहे.

दाखलनोंद
नियोजनाचाच बोलतोय बाई. ज्याला वसुलीची भीती आहे तो ग्रंथपाल पुस्तक कुणाला देईल का? कपाटाला कुलूप लावून बसतो. मग तुम्ही म्हणता वाचक येईनात. कामून येतील?

पैठणगेट
तीन वर्षांच्या नियमावर कुणीच का बोलत नाहीये? मी त्यावरच चिडून आले.

आमच्या एका सरकारी दप्तरखान्यात निजामकाळातल्या उर्दू अहवालांची एक अख्खी रांग होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर भाषा बदलली, १९५६ ला राज्य बदललं, १९६० ला पुन्हा बदललं, आणि ती कपाटं प्रत्येक वेळी एकेक खोली मागे सरकत गेली. तीन वर्षं कसली, तीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता. तुमच्या नियमाने रद्दीच. मग २०२३ आलं, कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती बसली, आणि उर्दू-मोडी वाचणारा माणूस शोधत तहसीलदार फिरायला लागले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात तर हैदराबाद गॅझेटियरच आलं. ज्या कागदांकडे ढुंकून कुणी बघत नव्हतं, त्यांच्यावर लोकांचे दाखले ठरायला लागले.

आरक्षणावर इथे वाद नको, माझा मुद्दा कपाटाचा आहे. असला नियम लिहिणाऱ्या माणसाने मराठवाड्यातलं एकही जुनं दप्तर उघडून बघितलेलं नाही.

मापदंड
ताई, आवाज थोडा खाली. नियम वापरात नसलेल्या पाठ्यपुस्तकांसाठी असतो, दुर्मीळ दस्तऐवजांसाठी नाही. हे कुणालाही कळतं.

पैठणगेट
कुणालाही कळतं तर पोस्टमध्ये लिहिलेलं का नाही? तुम्ही अंगठा दिलात तेव्हा कळलं होतं? 'दुर्मीळ' कोण ठरवणार? उर्दू न येणारी समिती? आमच्याकडच्या यादीत त्या रांगेपुढे एकच शेरा होता, 'जुनी पुस्तके, भाषा अन्य'. एवढ्याच शेऱ्यावर ती रद्दीत जाणार होती. एका शिपाईमामांनी किल्ली सापडत नाही म्हणून सांगितलं, म्हणून वाचली.

दाखलनोंद
त्या मामांवर वसुली नाही निघाली का? नशीबवान.

मापदंड
काका, प्रत्येक प्रतिसादात वसुली! तुम्हाला आराखडा नकोय, निकाल हवाय.

दाखलनोंद
वयाचा मान ठेवा. तुम्ही एसीत बसून मानकं वाटलीत. म्या एकटा माणूस, कुलूप उघडण्यापासून झाडून काढण्यापर्यंत. शिपायाचं पद रिक्त, सहायकाचं रिक्त, आणि तुमच्या त्या मनुष्यबळाच्या चौकटीत 'प्रशिक्षण' लिहा म्हणता. कुणाला प्रशिक्षण? खुर्चीला?

कोहावाला
अवांतर: काकांच्या या प्रतिसादाला +१. जिल्हा-तालुका सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ चा कायदा तरी आहे, अ-ब-क-ड वर्ग तरी आहेत. आपल्याला तर कुणी वर्गातसुद्धा बसवत नाही.

मापदंड
बरं. एक मान्य करतो, आनंदाने नाही. बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याला अंतिम वेतन प्रमाणपत्र देण्याआधी ग्रंथालयाचं ना-देय सक्तीचं केलं, तर काकांची निम्मी वसुली उद्भवलीच नसती. हे आस्थापना शाखेकडून एका परिपत्रकात करून घेता येतं. आणि याला, माफ करा, नियोजनच म्हणतात. पैठणगेट ताईंसाठी: निर्लेखन समितीत ती भाषा वाचणारा माणूस असल्याशिवाय त्या भाषेचं पुस्तक यादीत घ्यायचं नाही. झालं समाधान? तीन वर्षांचा नियम मी मागे घेतो, जणू मीच लिहिला होता.

पण गोदाकाठ ताई, तुमची ती निर्णयांची यादी साहेब देतात का हो? आमच्या प्लांट हेडना पुढच्या आठवड्याचं माहीत नसायचं.

गोदाकाठ
साहेब देत नाहीत. मंत्रालयाकडून आलेली पत्रं, विधिमंडळाचे तारांकित प्रश्न आणि खंडपीठातल्या याचिकांची आवक-जावक मी स्वतः बघते, त्यावरून अंदाज बांधते. फोनवरच्या प्रश्नांची वहीसुद्धा आहे. तेव्हा मोजत नाही असं नाही. हवं तर त्या वहीची बेरीज तुमच्या चौकटीत बसवून देईन, साहेबांना रंगीत तक्ते आवडतात. व्हिजन-मिशन मात्र तुम्ही लिहून द्या, मला ते जमत नाही.

मापदंड
देतो. मानधन मार्चअखेर चालेल.

कोहावाला
निर्लेखन समितीच्या ठरावाचा नमुना कुणाकडे आहे का? आमच्याकडे सोमवारी ऑडिट लागलंय.

दाखलनोंद
व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. खाली समितीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, एकट्याची ठेवू नका.