आवडलेली कादंबरी पुन्हा वाचताना

विशी-पंचविशीत झपाटून टाकणारी कादंबरी वयाच्या पुढच्या टप्प्यावर वाचताना काय अडतं, कुठून सुरुवात करावी, काय नव्याने सापडतं? जाणत्या वाचकांनी नेमकं लिहावं. ‘आवडली’, ‘आता नाही आवडत’ एवढ्यावर थांबू नये.

•

शिवाजी सावंतांची कर्णावरची ‘मृत्युंजय’ (1967) दुसऱ्यांदा सलग वाचू नका. कर्णाच्या तोंडची अलंकारिक भाषा सोळाव्या वर्षी भारावून टाकते, पंचेचाळिशीत तीच दमवते, आणि पुस्तक पहिल्याच भागात मिटलं जातं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे तिचे सहा निवेदक आहेत. आधी कुंती आणि वृषाली वाचा, मग कर्णाकडे या. लहानपणी हे भाग घाईने उलटले जातात; प्रौढ वाचकासाठी कादंबरीचा जीव तिथेच आहे.

मग लगेच इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ या महाभारतावरच्या लेखसंग्रहातला कर्णावरचा लेख. तो कर्णाला कसलीही सवलत देत नाही. त्यापुढे जायचं असेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली) आवृत्ती पाहा. स्वयंवरात द्रौपदी ‘सूताला वरणार नाही’ म्हणते, ते वाक्य तिथे मुख्य पाठात धरलेलं नाही. याने कादंबरी उणी ठरत नाही. सावंतांनी कोणती परंपरा उचलली आणि तिच्यावर केवढं उभं केलं, ते मात्र स्वच्छ दिसतं.

•

वरचं पटलं, पण निवेदक बदलण्याची ही सोय भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त (1963) नाही. तिथे एकटा पांडुरंग सांगवीकर. विशीत वाचणारा होस्टेल, मेस, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांत रमतो आणि गाव आल्यावर वेग वाढवतो. पुनर्वाचनात नेमकं उलट करावं. पुण्याचा भाग भरभर वाचला तरी चालतो. धाकटी बहीण मनी देवीने जाते ती पानं आणि वडिलांशी असलेला ताण सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचावा. वाक्यांची मोडतोड कानाला कळते, डोळ्याला निसटते. वडिलांच्या वयाला पोचलेल्या वाचकाला पांडुरंगाने उधळलेल्या पैशाचा हिशेब वेगळाच लागतो.

•

एक साधी गोष्ट आधी तपासा: चष्मा. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, आणि जुन्या आवृत्त्यांचा बारीक टाइप, पिवळा कागद यांमुळे दहा पानांत डोळे शिणतात. दोष मात्र लेखकाच्या माथी जातो. नवी आवृत्ती घ्या. तिचा आणखी फायदा असा की जुन्या प्रतीतल्या पेन्सिलीच्या खुणा वाट दाखवत बसत नाहीत. त्या खुणा वाचून झाल्यावर ताडून पाहाव्यात.

•

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) लहान आहे, दोन बैठकींत संपवा. तुकड्यातुकड्याने वाचली तर बोटीवरचा कोंडमारा विरतो. तरुणपणी ती चक्रधर आणि जर्मन ज्यू हॅर्टाची प्रेमकथा वाटते. दुसऱ्या वाचनाआधी 1935चे न्यूरेंबर्ग कायदे आणि नोव्हेंबर 1938मध्ये जर्मनीत ज्यूंवर झालेले हल्ले यांबद्दल वाचून घ्या. मग आधीच्या प्रेमातल्या उमेच्या आठवणीने कडवटलेला चक्रधर आणि परतायला देशच न उरलेली हॅर्टा यांची दुःखं एका मापाची राहत नाहीत. मराठीत या ताकदीची दुसरी छोटी कादंबरी सापडणं कठीण.

•

ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ रटाळ वाटून सोडून दिलेल्यांनी ती पुन्हा जरूर घ्यावी. ती ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. म्हणून वाचकाशी बोलणं आणि पाल्हाळ आहे. आठवड्याच्या खंडानंतर धागा जुळवायला ते लागायचं. एका बैठकीत दोनच प्रकरणं वाचा. तिसऱ्याला कंटाळा येतो. घरातल्या बायकांचं आपसातलं बोलणं वगळू नका, कथा सांगणाऱ्या यमूचं सगळं जग त्यातच उलगडतं. संमतिवयाचा कायदा 1891चा, म्हणजे याच काळातला. त्याने मुलींचं शरीरसंबंधासाठीचं संमतिवय दहावरून बारा केलं. हा आकडा डोक्यात ठेवून केशवपनाचा प्रसंग वाचा.