सल्ला हवा: दुकानातील टॅलीचा बॅकअप कशावर घ्यावा?

घाऊक_विक्रेता_सांगली
आमच्या विद्युत साहित्याच्या दुकानात एकाच संगणकावर टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर चालते आणि दिवाणजी रोज संध्याकाळी त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर बॅकअप घेतात. डिस्क बिघडली तर दोन्ही प्रती एकदमच जातील, म्हणून वेगळी सोय करायची आहे. डेटा 2 जीबीसुद्धा नाही. खर्च 5,000 रुपयांच्या आत बसावा.

काटेकोर_पुणेकर
एवढ्या पैशांत धड काही येत नाही. सरळ दोन डिस्कांचा एनएएस, म्हणजे नेटवर्कला जोडायची साठवणपेटी घ्यावी. आमच्या कारखान्यात मीच बसवली आहे. एक डिस्क बंद पडली तरी काम अडत नाही.

जुना_हिशेबनीस
एनएएसमधल्या दोन डिस्कांवर एकच डेटा एकदम लिहिण्याच्या पद्धतीला रेड म्हणतात, आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवरची फाइल पुसली गेली की दुसरीवरचीही त्याच क्षणी जाते. साधी यूएसबी डिस्क घ्या आणि काम झाले की काढून ठेवा. मे 2017 मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने संगणकाला जोडलेल्या डिस्कांवरील फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या.

कृष्णाकाठचा
काढून ठेवायची, पण कुठे? ऑगस्ट 2019 च्या पुरात आम्ही संगणक माळ्यावर चढवला आणि बॅकअपची डिस्क गल्ल्याखालच्या खणातच राहिली. सांगलीत व्यापार करणाऱ्याने एक प्रत पेठेबाहेर ठेवलीच पाहिजे.

ढगवाला
गूगल ड्राइव्हवर 15 जीबी फुकट मिळतात. टॅलीचे डेटा फोल्डरच त्यात ठेवले की विषय संपला.

काटेकोर_पुणेकर
एनएएसमध्ये स्नॅपशॉटही (त्या त्या वेळच्या डेटाच्या जपलेल्या अवस्था) घेता येतात, म्हणजे पुसलेली फाइलही परत मिळते. हे वर कोणी विचारातच घेतले नाही.

जुना_हिशेबनीस
चालू डेटा फोल्डर सिंकमध्ये, म्हणजे गूगल ड्राइव्हवर आपोआप चढणाऱ्या फोल्डरात मुळीच ठेवू नका. टॅलीतील कंपनी (म्हणजे दुकानाची हिशेबवही) उघडी असताना फाइली सतत बदलत असतात आणि अर्धवट अवस्थेतील प्रत वर जाऊ शकते. चढवायचीच असेल तर बॅकअपची तयार फाइल चढवा. याहून महत्त्वाचे म्हणजे महिन्यातून एकदा ऑल्ट-वाय दाबून रिस्टोर करून पाहा, मात्र त्यासाठी वेगळे, रिकामे फोल्डर निवडा, कारण मूळ फोल्डर दिल्यास त्याच क्रमांकाच्या चालू कंपनीवर जुना डेटा बसतो आणि मधल्या नोंदी जातात. मग शेवटच्या व्हाउचरचा क्रमांक आणि बँकेची शिल्लक ताडून घ्या.

सीएच्या_कचेरीतून
जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात, त्यामुळे जुन्या वर्षांच्या प्रती पुसू नका. कंपनी कायद्याखाली नोंदणी असल्यास भारतातील सर्व्हरवर रोजचा बॅकअपही बंधनकारक आहे.

कृष्णाकाठचा
पुन्हा सांगतो, प्रत पेठेबाहेर ठेवा.

घाऊक_विक्रेता_सांगली
सर्वांचे आभार. आमची मालकी पेढी आहे, त्यामुळे सर्व्हरची अट लागू नाही. 32 जीबीचे दोन पेन ड्राइव्ह आणले. एक दिवाणजींकडे, दुसरा मिरजेला बहिणीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी राहील आणि दर शनिवारी अदलाबदल होईल. रिकाम्या फोल्डरात रिस्टोर करून पाहिले, शेवटचे बिल जुळले.

काटेकोर_पुणेकर
पेन ड्राइव्ह! एनएएसचे कोटेशन व्यक्तिगत निरोपात पाठवले आहे, सवडीने पाहावे.