कुशीवर झोपले की खुबा दुखतो : झोप लागण्यासाठी काय करावे?

मुलुंडवासी
माझे वय 52 आहे. काही महिन्यांपासून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे हाड हाताला लागते तिथे, रात्री ठणका लागतो. उजव्या कुशीवर झोपणे तर अशक्यच झाले आहे. पण नवल असे, की डाव्या कुशीवर वळले तरी वर असलेला उजवा खुबाच दुखतो आणि मध्यरात्रीनंतर जाग येते. एक्स-रेमध्ये सांध्याची झीज दिसलेली नाही. कार्यालयात बैठे काम आहे आणि लोकलमध्ये बहुधा उभ्यानेच प्रवास होतो. रोज गोळी न घेता काही करता येईल का?

फिजिओथेरपिस्ट, परळ
तपासल्याशिवाय निदान करता येत नाही. मात्र आपल्या वर्णनावरून दुखणे सांध्यातले नसून त्या हाडाला जोडलेल्या नितंबाच्या स्नायूंच्या कंडरांचे (स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोऱ्यांचे) असावे, असे वाटते. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांत ते पुष्कळ आढळते. सांध्याची झीज असेल तर वेदना बहुधा जांघेत जाणवते. डाव्या कुशीवर निजल्यावर उजवा गुडघा पुढे घसरून गादीला टेकतो, मांडी आत वळते आणि त्या कंडरा हाडावर ताणून दाबल्या जातात, म्हणून वरचा खुबाही दुखतो. गुडघ्यांत उशी घ्या असे सगळेच सांगतात, परंतु लहान उशी घेतली तर पाऊल खालीच लोंबते; त्यासाठी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल असा लोड घ्यावा. पाठीवर झोप येत असेल तर गुडघ्यांखाली उशी ठेवून झोपणे अधिक चांगले. लोकलमध्ये एका पायावर भार देऊन, खुबा बाहेर काढून उभे राहणे आणि खुर्चीत पायावर पाय टाकून बसणे टाळावे. दिवसा दिलेला ताण रात्री वसूल होतो.

गिरगावकर
गादीही पाहावी. आमची कापसाची गादी नेमकी खुब्याखाली दबून फळी लागू लागली होती. कापूस पिंजून घेतला, वर दुहेरी गोधडी घातली आणि पुष्कळ फरक पडला. चटईवर झोपण्याचा सल्ला कुणी दिलाच, तर तो या दुखण्यात मानू नये, असे माझे मत आहे.

दादरकर
मला सातवा महिना सुरू आहे आणि कूस बदलताना ओटीपोटाच्या खाली, पुढच्या हाडात कळ येते. हाच उपाय चालेल का?

फिजिओथेरपिस्ट, परळ
लोड चालेल, शिवाय पोटाखालीही पातळ उशी घ्यावी. पाठीवर झोपण्याचा सल्ला मात्र आपल्यासाठी नाही. कूस बदलताना दोन्ही गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवावेत आणि खांदे, कंबर, पाय एकदमच वळवावेत. एक पाय आधी टाकला की ती कळ येते. प्रसूतितज्ज्ञांना हे जरूर सांगावे.

मुलुंडच्या ताईंनी मांडी आडवी छातीकडे ओढण्याचे व्यायाम तूर्त थांबवावेत, कारण त्यांनी कंडरा आणखी ताणल्या जातात. स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्यावेत; त्यांचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. ताप, पडल्यानंतर पायावर भार न देता येणे, जांघेभोवती बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही झाल्यास उशांचे प्रयोग न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.